सह्याद्रीत ताडोब्याची वाघीण आली, पण दक्षिणेची वाट मोकळी राहणार का?

वारणाकाठ (शिराळा)

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून पहिली वाघीण चांदोलीत आणली गेली, सोनार्लीच्या कुंपणात काही दिवस ठेवून नंतर रेडिओ कॉलरसह जंगलात सोडली गेली. 'ऑपरेशन तारा' या नावाने चाललेल्या या मोहिमेत एकूण ८ वाघांना, म्हणजे ३ नर आणि ५ माद्यांना, मंजुरी मिळालेली आहे. आमच्या भागात या बातमीचे स्वागत झाले आणि ते व्हायलाच हवे होते, कारण सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये घोषित झाल्यानंतर बराच काळ इथे 'वाघाविना व्याघ्र प्रकल्प' हेच शब्द ऐकू येत असत. परंतु वाघीण आली म्हणून प्रश्न सुटला, असा जो सूर सध्या उमटतो आहे, त्याविषयी सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून हा प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत तो पसरला असून गाभा आणि त्याभोवतीचा बफर पट्टा मिळून त्याचे क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर आहे. मे २०१८ मध्ये चांदोलीत कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे प्राणी समोर येताच आपोआप छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याने, एक वाघ टिपला आणि त्यानंतर थेट डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा वाघाचे छायाचित्र मिळाले. पट्ट्यांची जुळणी केली तेव्हा २०२२ मध्ये राधानगरीत दिसलेला नर तोच असल्याचे लक्षात आले. म्हणजे तो कोणी आणून सोडलेला नव्हता; डोंगरधारेने शंभरेक किलोमीटर चालत तो आपला आपण आला होता. पुढे आणखी नर नोंदले गेले. मादी मात्र आली नाही.

याचे कारण वाघाच्या स्वभावातच आहे. वयात आलेला नर जन्मस्थळापासून दूरवर भटकत जातो, मादी मात्र बहुधा आईच्या हद्दीला लागूनच आपली हद्द आखते. टिपेश्वरचा एक तरुण नर २०१९ मध्ये शेकडो किलोमीटर भटकत ज्ञानगंगेपर्यंत गेला. टिपेश्वरकडचाच दुसरा एक नर धाराशिवच्या येडशी अभयारण्यात येऊन राहिला. एखाद्या वाघिणीने असा प्रवास केल्याचे फार क्वचित ऐकायला मिळते. त्यामुळे कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्प, गोव्यातील म्हादई, तिलारी, आंबोली, राधानगरी या वाटेने नर इथवर पोहोचले तरी माद्या पोहोचण्यास कित्येक पिढ्या लागल्या असत्या, आणि मधल्या काळात ती वाटच शिल्लक राहिली नसती. म्हणून मादी आणण्याचा निर्णय मला योग्य वाटतो.

माझे म्हणणे पुढचे आहे. आठ वाघांतून उभी राहणारी संख्या जनुकीय दृष्टीने फार लहान असेल आणि दक्षिणेकडचा भ्रमणमार्ग तुटला तर काही पिढ्यांनी इथल्या वाघांवर अंतःप्रजननाचे, म्हणजे जवळच्या नातलगांतच होणाऱ्या प्रजननाचे, परिणाम दिसू लागतील. वाघ आणण्याच्या खर्चाची आणि सोहळ्याची जेवढी चर्चा होते, तिच्या दशांशही चर्चा त्या वाटेची होत नाही. जाणकारांनी आपली मते मांडावीत.

पाटणखोरे

महत्त्वाचा विषय घेतलात. एक शंका आहे. इथे आलेले नर दक्षिणेकडून, म्हणजे पश्चिम घाटाच्या कुळातले, आणि वाघीण ताडोब्याची, म्हणजे मध्य भारताच्या कुळातली. जनुकीय अभ्यासांत या दोन गटांत फरक दिसतो, असे वाचले आहे. मग काळीसारख्या जवळच्या जंगलातून वाघीण न आणता इतक्या लांबून का आणली? दोन कुळांची सरमिसळ करणे योग्य आहे का?

जनुकवेध (सांगली)

पाटणखोरे, आपली शंका रास्त आहे आणि तज्ज्ञांमध्येही ती चर्चिली जाते. मी जीवशास्त्र शिकवतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पश्चिम घाट आणि मध्य भारत येथील वाघ जनुकीयदृष्ट्या वेगळे ओळखू येतात, हे खरे आहे. परंतु हा वेगळेपणा किती जुना आहे, हे पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकापर्यंत दख्खनच्या पठारावरही वाघ होते. शिकार आणि शेतीचा विस्तार यांमुळे मधले दुवे नाहीसे झाले आणि उरलेले गट एकमेकांपासून तुटले. गट तुटला आणि आकसला की जनुकांचे काही पर्याय निव्वळ योगायोगाने गळून पडतात आणि दोन गट वेगळे दिसू लागतात. अशा वेगळेपणात स्थानिक परिस्थितीशी जुळवून घेण्याचा भाग किती आणि योगायोगाचा किती, हे ठरवणे अवघड असते. दोन गटांत गेल्या काही शतकांत संपर्क असेल आणि गुणसूत्रांत भेद नसेल, तर त्यांच्या संकरातून अपाय होण्याची शक्यता कमी मानली जाते. लहान गटाला एकटे ठेवण्यातला धोका त्याहून पुष्कळ मोठा असतो.

याची सर्वांत परिचित नोंद अमेरिकेतील फ्लोरिडाची आहे. तिथे पँथर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्यूमांची, म्हणजे मार्जारकुळातल्या एका मोठ्या जनावराची, संख्या वीस-तीसपर्यंत घसरली होती. शेपटीला पीळ, हृदयात दोष, नरांमध्ये अंडकोष खाली न उतरणे, असे विकार वाढले होते. १९९५ मध्ये टेक्सासमधून ८ प्यूमा माद्या आणून सोडल्या गेल्या, त्यांपैकी ५ माद्यांना पिल्ले झाली, विकार घटले आणि पुढील काळात संख्या कित्येक पटींनी वाढली. टेक्सासच्या माद्या वेगळ्या उपजातीच्या मानल्या जात असूनही हे घडले.

आपल्याकडे ओडिशातील सिमिलिपालचे उदाहरण आहे. तिथल्या पुष्कळ वाघांच्या अंगावरचे पट्टे एकमेकांत मिसळून ते काळसर दिसतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवून दिले की टॅकपेप या एकाच जनुकातील बदल त्यामागे आहे आणि इतरत्र दुर्मीळ असलेला हा बदल तिथे सर्रास आढळण्याचे कारण तो गट लहान व एकाकी असणे हे आहे. पर्यटकांना काळा वाघ आकर्षक वाटतो, पण जनुकांच्या भाषेत तो एकाकीपणाचा पुरावा आहे. २०२४ च्या अखेरीस तिथेही ताडोब्यातूनच दोन वाघिणी नेल्या गेल्या. त्यांपैकी झीनत झारखंडमार्गे पश्चिम बंगालात गेली आणि तिला पकडून परत आणावे लागले.

काळीविषयी सांगायचे तर तिथली संख्या मुळातच मर्यादित आहे. तिथून माद्या उचलल्या तर ज्या स्रोतातून आपल्याकडे नर येतात तोच क्षीण होईल. ताडोब्यात उलट स्थिती आहे. तिथे वाघ दाटले आहेत, माणसांशी संघर्ष तीव्र आहे आणि राज्य एकच असल्याने परवानगीचे टप्पेही कमी आहेत. त्यामुळे मादी मध्य भारताची आणि नर पश्चिम घाटाचे, ही जोडी माझ्या मते हिताचीच ठरेल.

सह्यभ्रमंती (कराड)

आठ वाघ म्हणजे जनुकीय दृष्टीने नेमके किती कमी? एखादा आकडा देता आला तर चर्चा अधिक स्पष्ट होईल.

जनुकवेध (सांगली)

देता येतो. जनुकशास्त्रात डोकी मोजण्यापेक्षा 'प्रभावी संख्या', म्हणजे पुढच्या पिढीला जनुके देण्याच्या हिशेबाने धरलेली संख्या, महत्त्वाची मानतात. नर आणि माद्या विषम असतील तर ती काढण्याचे सूत्र सोपे आहे: नरांची संख्या आणि माद्यांची संख्या यांचा गुणाकार करायचा, त्याला ४ ने गुणायचे आणि एकूण संख्येने भागायचे. ३ नर व ५ माद्या असतील तर ४ × ३ × ५ ÷ ८, म्हणजे ७.५. जनुकीय विविधता दर पिढीला या संख्येच्या दुपटीतला एक भाग इतकी घटते, म्हणजे इथे पंधरातला एक भाग, जवळपास ६.७ टक्के.

हे झाले सर्व नरांना सारखी संधी मिळाली तर. प्रत्यक्षात एखादा बलवान नर अनेक माद्यांच्या हद्दींवर ताबा ठेवतो. एकच नर पाचही माद्यांच्या पिल्लांचा बाप झाला तर प्रभावी संख्या ३.३ वर येते आणि एका पिढीत १५ टक्के विविधता जाते. आधीपासून असलेले नर धरले तर चित्र थोडे सुधारते, परंतु पुन्हा प्रश्न तोच, की त्यांपैकी प्रजननात भाग कितींना मिळतो. प्रभावी संख्या ५० असेल तर घट एका टक्क्यावर येते. सह्याद्रीसारख्या एकट्या प्रकल्पात तेवढे वाघ मावणे आजच्या भक्ष्याच्या प्रमाणात शक्य नाही. म्हणून उपाय एकच उरतो: दर पिढीत बाहेरचा किमान एखाददुसरा वाघ येऊन इथे प्रजनन करू शकला पाहिजे. जनुकशास्त्रातला हा जुना ठोकताळा आहे आणि वारणाकाठ यांनी मांडलेल्या वाटेचे महत्त्व त्यातूनच स्पष्ट होते.

वारणाकाठ (शिराळा)

धन्यवाद. मला जे शब्दांत सांगायचे होते ते आपण गणिताने दाखवले.

याला जोडून अमेरिकेतील आइल रॉयल बेटाची हकिगत सांगण्यासारखी आहे. लेक सुपीरियरमधल्या या बेटावर लांडग्यांचा लहान गट होता. १९९७ मध्ये गोठलेल्या पाण्यावरून कॅनडाकडून एक नर आला. त्याने गटात नवे रक्त आणले, त्याची संतती सबळ निघाली आणि काही वर्षे सारे सुरळीत झाल्यासारखे वाटले. परंतु त्याचेच रक्त गटात इतके पसरले की पुढच्या पिढ्यांत सगळे एकमेकांचे जवळचे नातलग झाले. हिवाळे उबदार होऊ लागल्याने बर्फाची वाटही क्वचितच तयार होऊ लागली. २०१६ नंतर तिथे दोनच लांडगे उरले, एकमेकांचे अगदी जवळचे नातलग, आणि शेवटी २०१८ पासून बाहेरून लांडगे आणावे लागले. एकदाच नवे रक्त आणून वाट बंद केली तर काय होते, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे नोंदले गेल्याचे मला माहीत नाही.

आपल्याकडे बर्फाच्या वाटेच्या जागी डोंगरधार आहे आणि तिला आडवे जाणारे घाटरस्ते आहेत. कोयना आणि चांदोली यांच्या मधे हेळवाकजवळ कऱ्हाड-चिपळूणचा कुंभार्ली घाट येतो. चांदोलीच्या दक्षिणेला कोल्हापूर-रत्नागिरी महामार्गाचा आंबा घाट, मग गगनबावड्याकडचे करूळ आणि भुईबावडा, पुढे फोंडा आणि आंबोली. यांपैकी रत्नागिरी महामार्गाचे चौपदरीकरण सुरू आहे. रस्त्याला माझा विरोध नाही. रुग्णाला घेऊन घाट उतरणाऱ्याला रुंद रस्त्याची किंमत कळते. परंतु नागपूरकडे पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वन्यप्राण्यांसाठी ९ ठिकाणी रस्ता उचलून खालून वाट दिली गेली आणि वाघ त्या वाटांचा वापर करतात, हे कॅमेऱ्यांनी दाखवून दिले आहे. विदर्भात जे जमले ते आंबा घाटात जमण्यास अडचण काय?

वाटेवरची दुसरी अडचण माणसांच्या मनातली आहे. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मारले गेले. जनावर गमावलेल्या माणसाचा राग त्यामागे होता. एक प्रजननक्षम वाघीण आणि पुढची पिढी एकाच आठवड्यात नाहीशी झाली. आपल्याकडे मादी आणण्यासाठी केवढा व्याप करावा लागला हे पाहता, त्याच डोंगररांगेत सहज वाढलेली चार जनावरे अशी जाणे फार जिव्हारी लागते.

मूळगाव-चांदोली

मी पुनर्वसित कुटुंबातला आहे. आमच्या वाडवडिलांचे गाव आज गाभा क्षेत्रात असून आम्ही आता सांगली जिल्ह्यात सपाटीवर राहतो. जनुकांविषयी मला फारसे कळत नाही, पण जंगलाविषयी दोन शब्द लिहितो.

आमची भातखाचरे आणि वरकस जमिनी आता गवताची कुरणे झाली आहेत. नोव्हेंबरात तिथे कमरेएवढे गवत असते, बांधांच्या दगडी ओळी त्यातून अजून दिसतात, आणि सकाळी दहिवर सुकायच्या आधी गव्यांचे कळप तिथेच उभे असतात. सांबरही तिथेच उतरते. सडे वाऱ्याचे आणि कातळाचे. पोसण्याइतका चारा जुन्या गावठाणांच्या आसपासच मिळतो. या जागांवर झुडपे माजू दिली तर भक्ष्य कमी होईल, मग वाघ कितीही आणले तरी टिकणार नाहीत. वन विभागाने सागरेश्वरचे चितळ चांदोलीत आणण्याचे काम हाती घेतले आहे ते ठीक, परंतु सांबर आणि गवा ही इथली मूळ जनावरे आहेत आणि त्यांच्या कुरणांची राखण आधी व्हावी. हे काम उठवलेल्या गावांतल्या तरुणांना मजुरी देऊन करून घेता येईल, कारण कोणते खाचर कुठे होते आणि बारमाही झरा कोणता हे आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून पाठ आहे.

आणखी एक सांगतो. आमच्यातल्या कित्येक कुटुंबांना जमिनीसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. वाघासाठी गाव सोडलेल्या माणसाचे देणे वेळेवर दिले, तर पुढच्या गावाला विचारताना मान वर करून विचारता येईल.

पाटणखोरे

आपल्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत आहे.

बफरमधल्या लोकांची एक काळजी इथे नोंदवावीशी वाटते. वाघाने हद्द धरली की बिबट्या तिथून कडेला सरकतो, हे इतर जंगलांत दिसून आले आहे. पाटण, कऱ्हाड आणि शिराळा तालुक्यांत उसात बिबट्याची पिल्ले सापडणे आता नित्याचे झाले आहे. त्यात भर पडेल, ही भीती खोटी नाही. जनावर मारले गेले तर पंचनामा त्याच दिवशी आणि भरपाई त्याच महिन्यात, एवढे जरी पाळले गेले तरी विषाची बाटली काढण्याची वेळ येणार नाही. म्हादईत जे घडले ते इथे घडू नये, असे मनापासून वाटते.

माणदेशी (म्हसवड)

चर्चा वाचून समाधान वाटले. सातारा-सांगलीच्या पूर्वेकडची एक बाजू मांडतो, कारण ती याच प्रश्नाची उलटी बाजू आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या माळरानांवर लांडगा आहे. भारतीय लांडग्याचे कूळ जगातल्या लांडग्यांमध्ये फार प्राचीन असल्याचे जनुकीय अभ्यासांतून पुढे आले असून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याचे स्वतंत्र मूल्यमापन करून त्याला असुरक्षित ठरवले. संख्या तीन हजारांच्या आसपास मानली जाते.

वाघाला बाहेरचे रक्त हवे आहे, आणि लांडग्यात मात्र नको ते रक्त शिरते आहे. पुण्याजवळच्या माळरानावर पिवळसर रंगाचे वेगळेच लांडगे दिसले, त्यांच्या नमुन्यांची तपासणी झाली आणि लांडगा व कुत्रा यांच्या संकराचा जनुकीय पुरावा मिळाला. उघड्यावर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर भटकी कुत्री पोसली जातात, लांडगेही तिथेच येतात, आणि जोडीदार मिळाला नाही की असा संकर घडतो. पाटणखोरे यांच्या पहिल्या शंकेचे उत्तरही यात आहे असे मला वाटते: वाघाशी वाघ जुळवणे वेगळे आणि रानटी जनावरात पाळीव जनावराचे रक्त मिसळणे वेगळे. आमच्या मेंढपाळांचे लांडग्याशी वैर आहे, तरी तो माळावर असतोच हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललेले आहे. वाघासाठी जेवढी तळमळ इथे दिसते तिच्यातली थोडी माळरानाच्याही वाट्याला यावी.

सह्यभ्रमंती (कराड)

माणदेशी, आपण उत्तम भर घातलीत. माळरान 'पडीक' म्हणून कागदावर नोंदले जाते, तिथूनच त्याच्या नाशाला सुरुवात होते. यावर स्वतंत्र धागा काढावा, ही विनंती.

जनुकवेध यांना शेवटचा प्रश्न: पिल्ले झाली तर बाप कोण, हे कळते कसे? आणि विविधता घटते आहे हे वेळेत कसे समजणार?

जनुकवेध (सांगली)

वाघाला हात न लावता कळते. कॅमेरा ट्रॅप पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, साधारण गुडघ्याच्या उंचीवर बांधतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात आणि एकाच बाजूच्या छायाचित्रावरून खात्रीने ओळख पटत नाही. यातून वाघ कोणता ते समजते. नाते मात्र विष्ठेतून समजते. विष्ठा बाहेर पडताना आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तिच्या पृष्ठभागाला चिकटतात. ताज्या विष्ठेचा फक्त बाहेरचा पापुद्रा निर्जंतुक बोळ्याने पुसून घेतात, कुपीतल्या द्रावणात बुडवतात आणि वर तारीख व जागा लिहितात. आतला भाग घेतला तर वाघाऐवजी सांबराचेच डीएनए अधिक मिळते. कोयनेच्या पावसात विष्ठा तासाभरात धुऊन जाते, त्यामुळे हे काम दिवाळी ते मे याच काळात करावे लागते. ऊन फार लागलेला नमुनाही चालत नाही, कारण डीएनएचे तुकडे होतात.

आणलेल्या प्रत्येक वाघाचे रक्त बेशुद्धीच्या वेळी घेता येते. संभाव्य आईबापांचे नमुने हाताशी असले म्हणजे पिल्लाच्या विष्ठेवरून पितृत्व ठरवता येते. रणथंबोरच्या वाघांमध्ये अंतःप्रजननाचे प्रमाण जास्त असल्याचे संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासातूनच पुढे आले. २००८ पासून सरिस्कात वाघ नेले गेले ते रणथंबोरचेच आणि सुरुवातीच्या वाघांमध्ये सख्खी भावंडे होती, ही गोष्ट नंतर चर्चेत आली. सह्याद्रीत पुढचे वाघ निवडताना ते एकाच आईचे नसतील, याची खात्री आधीच करून घेता येईल. पहिल्या पिढीचा बाप एकच नर निघाला तर पुढचा नर कधी आणि कुठून आणायचा, तेही भावनेवर न ठेवता नमुन्यांवरून ठरवता येईल.

वारणाकाठ (शिराळा)

आतापर्यंतच्या चर्चेतून तीन गोष्टी मला तातडीच्या वाटतात: आंबा घाटातील चौपदरीकरणात प्राण्यांसाठी रस्त्याखालून वाट, जुन्या गावठाणांच्या कुरणांची राखण, आणि आणलेल्या व जन्मलेल्या प्रत्येक वाघाचा जनुकीय नमुना दरवर्षी तपासून त्याचा अहवाल लोकांसमोर ठेवणे. पहिली गोष्ट सर्वांत निकडीची आहे, कारण रस्ता एकदा झाला की त्याखाली वाट काढायला कोणी पुन्हा पैसे देत नाही. या तीन मुद्द्यांचे निवेदन तयार करून मी इथेच मसुदा टाकतो. मूळगाव-चांदोली, कुरणांचा परिच्छेद आपणच लिहावा, कारण खाचरांची आणि झऱ्यांची नावे त्यात असायला हवीत. शाहूवाडी आणि गगनबावड्याकडच्या सदस्यांनी आपापल्या भागात गवे आणि सांबर रस्ता नेमके कुठे ओलांडतात, ती वळणे आणि ओढे कळवावेत. त्या जागा निवेदनाला जोडता येतील.